ठमाआजीचे बत्तीस गुंठे

माजिवड्याच्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून फ्रीज उतरत असताना लिफ्टच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या एका म्हातारीने मला विचारलं, "कया रावनार?"

"तिसऱ्या मजल्यावर. तीनशे दोन."

तिने डोळे मिटले, मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "म्हंजे चिंचेखाली." मग खुर्ची सरकवून तिने फ्रीजला वाट दिली.

मी वर जाऊन सगळ्या खिडक्यांतून पाहिलं. चिंच कुठेही नव्हती. एका बाजूला शेजारच्या बिल्डिंगच्या बाथरूमच्या जाळ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला हायवे. ती चिंच आमच्या बिल्डिंगचा पाया खणताना तोडली होती, हे मला पुढे आठवड्याने कळलं. ठमाआजीच्या लेखी त्यामुळे पत्ता बदलायचं काही कारण नव्हतं.

आमची बिल्डिंग उभी आहे ते तिचं शेत. नवरा गेल्यावर मुलाने, म्हणजे दिलीपने, ते बिल्डरला दिलं आणि बदल्यात पहिल्या मजल्यावर दोन फ्लॅट घेतले. दिलीपच्या मते व्यवहार तिथे संपला. ठमाआजीच्या मते शेत कुणाला दिलेलंच नव्हतं, त्यावर माणसं राहायला आली होती एवढंच. ए विंग म्हणजे वरचं खाचर, बी विंग म्हणजे खालचं. पार्किंगच्या जागी खळं होतं, म्हणून तिथे कुणी थुंकलं की ती खुर्चीवरून ओरडायची. बी विंगमधल्या जोशीकाकांना ती आयुष्यभर "ते वालाच्या वाफ्यातले" म्हणाली. जोशीकाका कॉलेजात प्राध्यापक होते आणि त्यांना हे मुळीच आवडत नसे.

गुडघ्यापर्यंत कासलेलं लुगडं, नाकात मोठी नथ आणि पायात नातीने जुने झाले म्हणून टाकलेले पांढरे स्पोर्ट शूज, अशा थाटात ती सकाळी सातला खाली येऊन बसायची. जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी हा तिचा पूर्णवेळ उद्योग. कुणी काही नवं करायला निघालं की तिचा एकच प्रश्न असायचा, "जमिनीला इचारलंस का?" नव्या सोफ्यालाही हाच प्रश्न, आणि आमच्या सायलीने इंजिनिअरिंग सोडून फोटोग्राफीला जायचं ठरवलं तेव्हाही हाच. सायली म्हणाली, "आजी, जमिनीला काय विचारायचं? पप्पांनाच विचारायची फाटतेय." आजीला हे उत्तर पटलं. ती म्हणाली, "मंग त्याला मी सांगतंव." आणि तिने खरंच सांगितलं.

ते पप्पा म्हणजे माझा नवरा अविनाश, सोसायटीचा सेक्रेटरी. हा माणूस घरात वाणसामानाची यादीसुद्धा विषय आणि संदर्भ घालून लिहितो. आजी त्याला नावाने कधी हाक मारत नसे. "शेक्रेटरी" म्हणायची, आणि त्या हाकेत आदर किती आणि चेष्टा किती हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

दोघांची पहिली लढाई लिफ्टवरून झाली. दर श्रावणात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरायचं आणि लिफ्ट बंद पडायची. अविनाशने तीन वेळा वॉटरप्रूफिंग करून घेतलं. तिसऱ्या वेळी आलेल्या इंजिनिअरला आजीने खुर्चीवरूनच सांगितलं, "ती इहीर हाय. इहिरीन पानी नाय येल तं काय येल?"

अविनाशने बिल्डिंगचा मंजूर नकाशा आणून तिच्यासमोर पसरला. त्यात विहीर नव्हती.

"तुज्या कागदावर नाय," आजी म्हणाली, "पन पान्याला ठावं हाय."

शेवटी खड्ड्यात पंप बसवावा लागला. पंपाचं पाणी पाइपने गच्चीवर न्यायचं आजीने परस्पर प्लंबरला सांगून टाकलं, कारण गच्चीवर तिचा भात होता.

हा भात हे तिचं खरं प्रकरण. तिच्याकडे राता होता. राता म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत येणारा लाल तांदूळ. तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेलं बी. भाताचं बी डब्यात ठेवून टिकत नाही, दर वर्षी पेरावं लागतं, नाहीतर मरतं. शेत गेल्यावर तिने रंगाच्या बादल्या, उभे कापलेले निळे पिंप आणि कुणीतरी भंगारात काढलेला एक बाथटब गच्चीवर नेला, आणि त्यात दर वर्षी पसाभर भात पेरून बी जिवंत ठेवलं. वर त्याला खडेमीठ घालायची. "अलनी पानी त्याला मानवत नाय," म्हणायची. मिठासाठी ती दर पंधरा दिवसांनी सगळ्या मजल्यांवर फिरायची. आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन आलेल्या भाडेकरूला पहिल्यांदा दूधवाला भेटत नसे, मीठ मागणारी म्हातारी भेटायची.

अविनाशने तिला गच्चीच्या वापराबद्दल चार नोटिसा दिल्या. आजीला सहीपुरतं लिहिता यायचं, वाचता येत नसे. ती नोटीस घेऊन आमच्याच घरी यायची, सायलीकडून मोठ्याने वाचून घ्यायची आणि अविनाशकडे बघून म्हणायची, "बरं लिवतंस." मग नोटीस घडी घालून कनवटीला. पाचवी नोटीस लिहायचा त्याला उत्साह उरला नाही.

चिमण्या-पारव्यांसाठी तिने बुजगावणं केलं, त्याला शर्ट मी दिला. अविनाशचा निळ्या चौकड्यांचा, कॉलर फाटलेला. दुसऱ्या दिवशी हायवेवरून येताना अविनाशला गच्चीच्या कठड्याशी हात पसरून उभा असलेला स्वतःचा शर्ट दिसला. तो आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. बी विंगमध्ये मात्र चर्चा झाली की एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सेक्रेटरी दिवसभर ड्युटीवर दिसतोय.

पौषात मुरबाडच्या पुढे मोठी जत्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, विळे-कोयते, आणि गेली काही वर्षं शेजारच्या मैदानात शेतीमालाचं प्रदर्शन. ठमाआजी लग्न होऊन आली तेव्हापासून या जत्रेला जायची, पूर्वी बैलगाडीने आणि आता आमच्या खर्चाने. दर वर्षी मिनीबस ठरायची आणि तिच्यासकट आम्ही अठरा जण सहकुटुंब निघायचो. तिथे पोहोचल्यावर ती थेट बैलबाजारात शिरायची, एकेका बैलाचा जबडा उघडून दात बघायची, मालकाला त्याच्याच बैलाचं वय सांगायची आणि काहीही न घेता पुढे जायची. जोशीकाकांना तिने एकदा चार तास बैलाची वेसण धरून उभं केलं होतं. मालक चहाला जातो म्हणून गेला होता आणि आजी पुढच्या बैलाकडे.

एका वर्षी तिने राता स्टीलच्या डब्यात भरून आणला आणि प्रदर्शनाच्या मांडवात टेबलावर ठेवला. तिथे एक तरुण मुलगा फॉर्म भरून घेत होता. सभ्य होता बिचारा.

"आजी, सातबारा?"

"तो कनाला?"

"स्पर्धा शेतकऱ्यांसाठी आहे ना. सातबारा जोडल्याशिवाय नाव घेता येत नाही."

आजीने दोन्ही हात पालथे-उलथे करून त्याच्यापुढे धरले. "हे बघ. पन्नास वर्सं लावनी केलीय."

"आजी, हात अपलोड होत नाहीत," तो म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्यालाच वाईट वाटलं. त्याने तिला चहा मागवला. तिने तो घेतला नाही.

परतीच्या वाटेवर बसमध्ये ती एक अक्षर बोलली नाही. कल्याण गेलं, भिवंडी बायपास गेला. आम्हाला ती शांतता सोसवेना. जोशीकाकांनी स्वतःहून वालाच्या वाफ्याचा विषय काढला, तरी ती खिडकीबाहेरच बघत राहिली. उतरताना मला म्हणाली, "मी शेतकरी नाय म्हनं." मी तिचा डबा तेवढा वर नेऊन दिला.

त्यानंतर चार महिन्यांनी अविनाशने सोसायटीचं रखडलेलं एक काम हाती घेतलं. बिल्डिंग आमची होती, पण खालची जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायचं काम बिल्डरने केलंच नव्हतं, आणि नंतर बिल्डरच दिसेनासा झाला होता. अविनाशने कागद काढले आणि डोकं धरून बसला. सातबाऱ्यावर नोंद बदलायची कुणाकडून तरी राहून गेली होती. सरकारदरबारी आमची सात मजली बिल्डिंग अस्तित्वातच नव्हती. तिथे बत्तीस गुंठे शेत होतं. कब्जेदार: ठमाआजी. पीक: भात.

जमीन सोसायटीच्या नावावर व्हायला आता फक्त तिची सही हवी होती. अविनाश मोठ्या उत्साहाने तो उतारा घेऊन पहिल्या मजल्यावर गेला आणि इथेच त्याने त्याच्या आयुष्यातली सर्वात मोठी चूक केली. त्याने तो तिला वाचून दाखवला.

"परत वाच," ती म्हणाली.

त्याने परत वाचला.

"म्हंजे मी अजून शेतकरी हाय?"

"कागदावर आहात. म्हणून तर ही सही—"

आजीने त्याच्या हातून उतारा घेतला, स्पोर्ट शूज चढवले आणि नाक्यावर जाऊन त्याला प्लास्टिकचं कव्हर करून आणलं. सहीबद्दल विचारल्यावर म्हणाली, "जत्रा होऊं दे."

जत्रेला आठ महिने होते. ही बातमी पसरली आणि बिल्डिंगमध्ये घबराट उडाली. आपण एका म्हातारीच्या भातखाचरात राहतोय हे फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या माणसाला ऐकवत नाही. आजीने या संधीचा पुरेपूर फायदा घेतला. पाचव्या मजल्यावर स्पीकर मोठा लावणाऱ्या मुलांना ती जिन्यातून ओरडून सांगायची, "बंद करा, नायतं नांगर आनतंव!" आणि स्पीकर बंद व्हायचा. मिठाला तर कुणी नाहीच म्हणेना. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तिला आख्खी पाच किलोची गोणी नेऊन दिली.

सर्वसाधारण सभेत विषय निघाला तेव्हा दिलीप म्हणाला, "आईला मी समजावतो." आजी मागच्या खुर्चीवर बसलेली होती. ती उठली.

"मना कनाला समजावतंस? मना समजतंय. ही मानसं चांगली हायेत, त्यांची घरं त्यांना मिलाली पायजेत. मी सही नाय करनार असं कवा बोल्ली? पन सही केली का मी कोन? लिफ्टजवलची म्हातारी. त्या मांडवान एकदा माजं नाव लागूं दे. बी लोकांना दिसूं दे. मी गेली तं त्या बादल्या कोन भरनार हाय? दिलीप?"

दिलीपने खाली पाहिलं. त्याचा टँकरचा धंदा होता आणि त्याला तुळशीला पाणी घालायची आठवण करून द्यावी लागायची. अविनाशने इतिवृत्तात 'विषय जत्रेपर्यंत तहकूब' असं लिहिलं. मला त्या दिवशी माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या पौषात आम्ही पुन्हा अठरा जण निघालो. अविनाशच्या बगलेत सहीच्या कागदांची फाइल होती. मांडवात गेल्या वर्षीचाच मुलगा होता. आजीने सातबारा त्याच्यापुढे असा ठेवला की टेबल हललं. त्याने वाचला, उभा राहिला आणि तिचं नाव लिहून घेतलं. राता टेबलावर मांडला गेला, एका बाजूला मांडीएवढा भोपळा, दुसऱ्या बाजूला ड्रॅगनफ्रूट.

दुपारी परीक्षक आले. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, गंभीर गृहस्थ. त्यांनी दाणे तळहातावर घेतले, वास घेतला.

"क्षेत्र?"

"बत्तीस गुंठं," आजी म्हणाली.

"पाणी कुठलं?"

"लिफ्टचं."

त्यांनी लिफ्ट इरिगेशन असं लिहिलं. अविनाशने तोंड उघडलं, मी त्याच्या पायावर पाय दिला.

"लागवड कुठे केलीत?"

"गच्चीवर. बादल्यान नि बाथटबान."

परीक्षकांनी चष्मा काढला. "अहो, मग बत्तीस गुंठ्यांवर काय आहे?"

आजीने मागे वळून हात केला. आम्ही सतरा जण रांगेत उभे होतो, हातात घोंगड्या आणि गुडदाणीच्या पिशव्या. "ही हायेत," ती म्हणाली.

परीक्षक आमच्याकडे बराच वेळ बघत राहिले. पीक कसं आलंय याचा ते खरोखरच विचार करत असावेत. बक्षीस भोपळ्याला मिळालं. आजी म्हणाली, भोपळा आतून पोकळ आहे, वाजवून बघा. कुणी वाजवला नाही.

बक्षीस गेलं तरी ती टेबल सोडेना. मांडव रिकामा व्हायला लागला तेव्हा तिशीतली एक बाई आली. वसईच्या किनाऱ्याकडची, सिसिलिया नाव, नवऱ्याबरोबर बैल बघायला आलेली. तिने डब्यातले दाणे पाहिले आणि जागच्या जागी थांबली.

"आजी, हा राता ना? माझे सासरे जाईपर्यंत ह्याचंच नाव घेत होते. आमच्या शेतात खाडीचं पाणी घुसतं. गावच्या शेती सोसायटीतून बियाणं आणतो ते करपून जातं. कुठे मिळेल हो हे?"

आजीने तिची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. भरतीचं पाणी किती दिवस राहतं? बांधाला खेकडे भोकं पाडतात तेव्हा काय करतेस? नवरा चिखलात उतरतो की बांधावरून सांगतो? सिसिलिया एकेकाचं उत्तर देत होती. शेवटच्या प्रश्नावर तिने नवऱ्याकडे पाहिलं, तेव्हा नवऱ्यानेच सांगितलं, "मी मिठाला घाबरतो, आजी. तीच उतरते."

"खरं बोल्ला," आजी म्हणाली. तिने डबा उचलला आणि अख्खा सिसिलियाच्या पिशवीत ओतला. शेवटचे चार दाणे बुडाला चिकटले होते, ते बोटाने खरवडून काढले. मग मला माझ्या मोबाइलमध्ये तिचा नंबर घ्यायला लावला.

परतताना शहाडच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. बस थांबत, सरकत चालली होती. आजी पुढच्या सीटवरून म्हणाली, "शेक्रेटरी, कागद आन."

अविनाशला काही क्षण कळलंच नाही. मग त्याची धांदल उडाली. फाइल सापडली, पेन सापडेना. वर्षभर खिशात तीन पेनं बाळगणारा माणूस, आणि त्या दिवशी एकही नाही. सायलीने तिच्या बॅगेतलं दिलं. आजीने रिकामा डबा मांडीवर उपडा ठेवला, त्यावर कागद पसरला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "गारी हालवू नको. सही वाकरी येल."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले, पुढची वाट मोकळी झाली, तरी तो हलला नाही. आजी एकेक अक्षर काढत होती आणि आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. चार ठिकाणी सह्या होत्या. चौथी झाल्यावर तिने पेन सायलीला परत दिलं आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. जोशीकाका नाक पुसत होते. मीही रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

त्या वर्षी तिने गच्चीवर काहीच पेरलं नाही. बादल्या वाटून टाकल्या. मीठ मागणंही बंद झालं आणि नवीन भाडेकरूंची आमच्याशी ओळख व्हायला वेळ लागू लागला. ती थकली होती. आता जाऊनही तिला वर्ष होत आलं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते आश्विनातल्या एका सकाळी. मी ऑफिसला निघाले होते, रिक्षा दारात उभी होती, आणि सिसिलियाचा व्हिडिओ कॉल आला. आजी खुर्चीत होती. मी फोन तिच्यासमोर धरला. पलीकडे खाडीकाठचं शेत, कंबरभर उंच, लालसर पडलेलं. वारा सुटला होता.

आजी वाकून वाकून बघत होती. एकदम ओरडली, "अगं ए! त्या कोपऱ्यान बांद बसलाय! पानी शिरल!"

"कुठे आजी?"

"डावीकरं! धाव!"

सिसिलियाने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि ती फावडं घेऊन पळाली. ती दिसेनाशी झाली. पडद्यावर नुसता भात राहिला, इकडून तिकडे हलणारा.

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी म्हटलं, "आजी, मला जायचंय, फोन द्या."

तिने ऐकलं नाही. दोन्ही हातांनी फोन धरून ती बघत होती. कडेची लोंबी वाऱ्याने आडवी झाली की तिचे ओठ हलत. मी थोडा वेळ उभी राहिले. मग रिक्षात बसले आणि त्या दिवशी फोनशिवायच ऑफिसला गेले.